समुद्रावरचा हाका

मा. पर्यटनमंत्री,
महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई
यांस,



सेनगाव तालुक्यातून मंत्रालयात जाणाऱ्या पत्रांत बहुतेक करून पीकविमा असतो, कर्ज असतं, नाहीतर सोयाबीनचा भाव असतो. २०२३ साली तर आमच्या भागातल्या शेतकऱ्यांनी कर्ज फिटत नाही म्हणून स्वतःचे अवयव विकायला काढल्याचं सरकारला लिहून कळवलं होतं आणि कोणत्या अवयवाचे किती, याचं दरपत्रकही सोबत जोडलं होतं. तेव्हा गोरेगावहून डॉल्फिनविषयी पत्र आलंय म्हटल्यावर आपल्या कार्यालयातला माणूस ते मुंबईतलं गोरेगाव असणार असं ठरवून मोकळा होईल. तसं नाही. हे हिंगोली जिल्ह्यातलं गोरेगाव. इथून कुठलाच समुद्र जवळ नाही.

आमच्या तालुक्यातून कयाधू वाहते. ती पैनगंगेला मिळते, पैनगंगा वर्धेला, वर्धा पुढे वैनगंगेला भेटून प्राणहिता होते, प्राणहिता गोदावरीत जाते आणि गोदावरी आंध्रात बंगालच्या उपसागराला. म्हणजे आमच्या रानातलं पावसाचं पाणी पूर्वेच्या समुद्राला जातं आणि आम्ही मात्र सुट्टी मिळाली की पश्चिमेच्या समुद्राकडे धावतो. एरवी देवमाशाशी आमचा संबंध पेपरपुरता. व्हेल माशाची उलटी जप्त, कोट्यवधींचा मुद्देमाल हस्तगत, अशी बातमी अधूनमधून येत असते. स्पर्म व्हेलच्या आतड्यात तयार होणारा अंबरग्रीस तो; अत्तरवाल्यांना लागतो आणि आपल्याकडे बाळगणं गुन्हा आहे. आमच्याकडच्या पोरांना देवमासा किती लांब असतो ते सांगता येणार नाही, पण त्याच्या उलटीचा किलोचा भाव विचारा.

मी इथल्या शाळेत शिकवते. हिवाळ्यात सासूबाई, जाऊबाई आणि घरातली पोरं असे आम्ही मालवणला गेलो होतो. हिंगोलीहून अकोला, अकोल्याहून नागपूर–मडगाव गाडी, कुडाळला उतरून एसटी. प्रवासाचं वर्णन करत बसत नाही. तिथल्या समुद्रावर जे पाहिलं त्यातलं एक काम थेट आपल्या खात्याचं आहे, म्हणून हे पत्र. आणि ते खुलं अशासाठी, की ते माझ्यासारख्या पर्यटकांनीही वाचावं. तिथे जे चालतं ते आमच्या नावावर चालतं.

जेटीवर बोटवाल्यांची रांग होती. त्यातल्या एकानं आम्हाला सांगितलं, ‘डॉल्फिन शंभर टक्के. नाही दिसले तर पैसे परत.’ आम्ही खूश. कापूस बाजारात नेताना भावाची हमी मिळत नाही, इथे जंगली जनावराची मिळत होती. लाइफ जॅकेटं अंगावर चढवली, पोरांचे बंद आवळले आणि उजाडता उजाडता निघालो. सिंधुदुर्ग किल्ला उजव्या हाताला राहिला. पाणी अगदी स्थिर होतं. पहिली काही मिनिटं फार सुंदर गेली, हे मान्य करते. बंदरावर कुरव पक्षी घिरट्या घालत होते. दुसऱ्या एका बोटीतले लोक त्यांना फरसाण टाकत होते आणि कुरव ते हवेतच झेलत होते. फरसाण खाणारा कुरव पाहून आमची पोरं आधी हसली आणि मग आपल्याकडचं फरसाण शोधू लागली.

मग बोटवाल्याचा मोबाइल वाजला. पलीकडून कुणीतरी दिशा सांगितली. आमची बोट वळली, तशा आसपासच्या सगळ्या बोटी वळल्या. जिथे पोचलो तिथे आमच्या आधीच बऱ्याच बोटी येऊन थांबल्या होत्या. थांबल्या म्हणजे इंजिनं चालूच. पाण्यावर धुराचा थर आणि पेट्रोलचा वास. तेवढ्यात कुणीतरी ओरडलं आणि मला तीन करड्या पाठी दिसल्या, दोन मोठ्या आणि त्यांच्या मधे एक लहान. वर आल्या, वळल्या, गेल्या. सगळ्या बोटी त्या दिशेला सुटल्या. पुन्हा वर आल्या, थोड्या लांबवर. पुन्हा बोटी सुटल्या. लोक शिट्ट्या मारत होते, टाळ्या वाजवत होते, एकानं मोबाइलवर गाणं लावलं होतं. तीन बाजूंनी बोटी आणि चौथ्या बाजूला किनाऱ्याकडचं उथळ पाणी. प्रत्येक वेळी ती जनावरं पाण्याखाली जास्त वेळ राहू लागली आणि वर येताना मधलं पिल्लू मोठ्याच्या अंगाला आणखी चिकटलेलं असायचं.

सासूबाईंना मी आत्या म्हणते. त्या बोटीच्या मधल्या फळीवर पदर घट्ट धरून बसल्या होत्या. त्यांनी बोटवाल्याला विचारलं, ‘कामून पळवायलेत त्याह्यला? रोही हायत का ते?’

बोटवाल्याला ते कळलं नाही. आपल्यालाही कळलं नसेल तर सांगते. आमच्याकडे हरभऱ्यात, तुरीत रोही म्हणजे नीलगायी येतात, रानडुकरं येतात. रात्रीतून उभं पीक आडवं करतात. मग गावातली माणसं हाका घालतात. डबे वाजवत, आरोळ्या मारत जनावरं हुसकावतात. ते काही आनंदाचं काम नाही, पण पीक वाचवायचं असतं. आणि त्यातही एक रीत असते. हाका तीन बाजूंनी घालायचा आणि चौथी बाजू मोकळी सोडायची, कारण जनावर शेताबाहेर जायला हवं असतं. मालवणला ती चौथी बाजू मोकळी नव्हती. आणि ते डॉल्फिन कुणाच्या शेतात शिरले नव्हते.

आता कायदा. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२, यातल्या पहिल्या अनुसूचीत डॉल्फिन आहेत; वाघ आहे त्याच यादीत. शिकार म्हणजे काय हे त्याच अधिनियमाच्या दुसऱ्या कलमात दिलंय. मारणं, विष घालणं, पकडणं, सापळा लावणं यांच्या जोडीनं जनावराला हाकणंही तिथे शिकारीतच मोजलेलं आहे, आणि तसा प्रयत्न करणंसुद्धा. मी वकील नाही. बोटवाल्यांवर गुन्हे दाखल करा असंही म्हणत नाही. ते फार चुकीच्या माणसांवर होतील. पण ताडोबात वाघिणीला आणि बछड्याला जिप्सींनी घेरल्याचा व्हिडिओ फिरला की वनखातं जागं होतं, गाड्या आणि गाइड बंद होतात. समुद्रावर तेच रोज सकाळी होतं आणि त्याला आपण जलपर्यटन म्हणतो. नियमावली कुठल्यातरी फाइलीत असेलही. जेटीवर तिचा फलक नव्हता, बोटीत नव्हता, आणि बोटवाल्यानं जे केलं त्यात तर तिचा मागमूसही नव्हता.

ते डॉल्फिन कोणते होते, हे मला घरी आल्यावर वाचून कळलं. हिंदी महासागरातला कुबडवाला डॉल्फिन, इंग्रजीत ज्याला हंपबॅक डॉल्फिन म्हणतात. पाठीवर लांबट उंचवटा आणि त्याच्या टोकाला छोटा पर. हा खोल समुद्रात जात नाही. किनाऱ्यालगतचं उथळ पाणी, खाड्यांची तोंडं, हेच त्याचं घर. म्हणजे नेमकं जिथे आपली बंदरं, आपली जाळी, आपलं सांडपाणी आणि आता आपल्या सहली आहेत, तिथेच तो राहतो. जगातल्या धोक्यात आलेल्या प्राण्यांच्या यादीत त्याचं नाव आहे. मादीला पिल्लू काही वर्षांतून एकदाच होतं, आणि एकच.

आणि हा उड्या मारत नाही. क्वचित मारतो, पण तो त्याचा स्वभाव नव्हे. आधी चोच दिसते, मग कुबड, मग शेपूट, आणि संपलं. जेटीवरच्या प्रत्येक फलकावर मात्र निळ्याशार पाण्यातून चंद्रकोरीसारखी उडी घेतलेला एक हसरा डॉल्फिन होता. तो परदेशातल्या तलावात शिकवून तयार केलेला, दुसऱ्याच जातीचा. पर्यटक तो फलक पाहून बोटीत चढतो. समोर करडी पाठ दिसली की त्याला वाटतं, आपल्याला अर्धाच डॉल्फिन दाखवला. तो बोटवाल्याला म्हणतो, अजून जवळ घ्या. बोटवाला घेतो. मंत्रिमहोदय, या सगळ्या पाठलागाची सुरुवात त्या चित्रापासून होते असं माझं मत आहे. २०१३ साली केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणानं भारतात डॉल्फिनेरियमना परवानगी द्यायची नाही असं ठरवलं. डॉल्फिनला कोंडून त्याचे खेळ करायचे नाहीत, हे या देशानं ठरवून दहा वर्षांहून अधिक काळ झाला. तोच खेळ उघड्या पाण्यात चालू द्यायचा असेल तर त्या निर्णयाचा उपयोग काय?

आता आमच्या नावाबद्दल. परतताना मी बोटवाल्याला विचारलं, इतकं मागे लागायची काय गरज होती? तो शांतपणे म्हणाला, पर्यटकांना जवळून पाहिजे असतं. हेच उत्तर मी आधीही ऐकलंय. रस्ता हवाय पर्यटकांना, हॉटेल हवंय पर्यटकांना, समुद्रात स्कूटर हवीय पर्यटकांना. हा पर्यटक म्हणजे आम्हीच ना? नांदेड, परभणी, हिंगोली, अकोला, जळगाव इथून रात्रभर प्रवास करून येणारी, आयुष्यात एक-दोनदा समुद्र पाहणारी माणसं. आम्हाला कुणी विचारलंच नाही. आमच्या बोटीत जे सगळ्यात कमी शिकलेलं माणूस होतं, त्यालाच ते पटलं नव्हतं.

दुसऱ्या सकाळी आम्ही जेटीवर गेलोच नाही. ज्यांच्या घरात उतरलो होतो त्यांच्या ओळखीचे देवबागचे एक म्हातारे मच्छीमार होते. ते म्हणाले, चला, निवतीच्या बाजूला जाऊ, पण डॉल्फिन दिसतीलच असं मी सांगणार नाही. कर्ली नदी समुद्राला मिळते तिथून बाहेर पडलो. भोगव्याच्या किनाऱ्यावरच्या एका उंच झाडावर त्यांनी समुद्री गरुड दाखवला. पांढऱ्या पोटाचा, पंख पसरल्यावर दाराएवढा. घरटं वर्षानुवर्षं एकाच झाडावर असतं, म्हणाले. झाड तोडलं की जोडी गेली. पाण्यात सुरय पक्षी दगडासारखे खाली पडत होते आणि चोचीत चांदीची काडी घेऊन वर येत होते. ती तारली. सुरय जिथे पडतायत तिथे तारली आहे, आणि तारली आहे तिथे आपलं गिऱ्हाईक येणार, असं म्हणून म्हाताऱ्यांनी इंजिन बंद केलं.

पोरं चुळबुळ करू लागली. ते म्हणाले, ‘वाईच दम धरा. तेच येतले.’

इंजिन बंद झाल्यावर समुद्र किती बोलतो हे आदल्या दिवशी कळलंच नव्हतं. बोटीच्या तळाला पाणी लागत होतं. लांबून किनाऱ्यावरच्या कोंबड्याचा आवाज येत होता. मग आमच्या मागच्या बाजूनं कुणीतरी मोठा सुस्कारा टाकल्यासारखं झालं. वळून पाहिलं तर पाण्यावर बारीक फवारा आणि एक करडी पाठ आत जाताना. मग दुसरा सुस्कारा. ते माशांच्या थव्याभोवती गोल फिरत होते आणि बोटीची त्यांना काही पडली नव्हती. जवळ आले, लांब गेले, पुन्हा जवळ आले. आदल्या दिवशी त्यांच्या मागे एवढे धावलो, पण त्यांचा श्वास एकदाही ऐकू आला नव्हता. पोरांना मी वर्गात किती वेळा सांगितलंय, हा मासा नव्हे, हा आपल्यासारखा फुप्फुसानं श्वास घेतो, पिल्लाला दूध पाजतो. ते त्यांनी प्रश्नोत्तरात लिहिलंय. त्या दिवशी आमच्या धाकट्यानं माझ्या कानात विचारलं, ‘काकू, मग हे झोपतेत कसे?’ फार चांगला प्रश्न. ते मेंदूचा अर्धा भाग झोपवतात आणि अर्धा जागा ठेवतात, नाहीतर श्वास घ्यायला वर कोण येणार.

मला त्या म्हाताऱ्यांना आदर्श वगैरे करायचं नाही. डॉल्फिनवर त्यांचा रागही होता. जाळ्यातला मासा खातात, जाळं फाडतात, म्हणाले, आणि जाळं काही फुकट येत नाही. पण समुद्रातली जनावरं माणसाच्या घाईनं चालत नाहीत, एवढं त्यांना ठाऊक होतं. ते माहिती म्हणून सांगायचे, उपदेश म्हणून नव्हे.

त्याच परतीच्या वाटेवर त्यांनी देवमाशांचा विषय काढला. बाहेर खोल पाण्यात दिसतात, म्हणाले, कधी कधी बोटीपेक्षा लांब. मला वाटलं ही गोष्ट असावी. ती गोष्ट नाही. २०१५ साली कुणकेश्वरच्या बाहेर निळा देवमासा आणि त्याचं पिल्लू अभ्यासकांनी पाहिलं. कोकण सिटेशियन रिसर्च टीमची मंडळी तेव्हा सिंधुदुर्गाच्या पाण्यात फिरून नोंदी घेत होती. महाराष्ट्रातली त्याआधीची नोंद सुमारे शंभर वर्षं जुनी होती. पृथ्वीवर आजवर जगलेल्या प्राण्यांत सगळ्यात मोठा तो, आणि तो आपल्या देवगडच्या समोरून जातो. ब्राइड्स व्हेल नावाचा दुसरा देवमासाही याच पाण्यात दिसला. त्याच वर्षी जूनमध्ये रेवदंड्याला एक निळा देवमासा जिवंत किनाऱ्याला लागला आणि लोकांनी खूप धडपड करूनही गेला. २०१६ च्या जानेवारीत जुहूच्या वाळूत ब्राइड्स व्हेल मेलेला सापडला. २०२३ च्या नोव्हेंबरात गणपतीपुळ्याला देवमाशाचं पिल्लू किनाऱ्यावर अडकलं, तेव्हा दोन दिवस माणसं त्याच्या अंगावर पाणी ओतत होती. आम्ही ते इथे गोरेगावात टीव्हीवर पाहिलं. दुष्काळी भागातल्या लोकांना पाणी ओतणारी माणसं लक्षात राहतात.

अरबी समुद्रात कुबडवाले देवमासेही आहेत. जगातले बाकीचे कुबडवाले देवमासे थंड पाण्याकडे जातात-येतात. हे इथेच राहतात, अरबी समुद्र सोडून कुठे जात नाहीत. ओमानच्या बाजूला त्यांची संख्या शंभराच्या आत असावी असं अभ्यासक सांगतात. १९६६ साली सोव्हिएत बोटींनी याच समुद्रात बेकायदा शिकार करून त्यातले दोनशेहून अधिक मारले होते. उरलेल्यांतली एक मादी, लुबान नावाची. २०१७ च्या अखेरीस तिच्या अंगावर उपग्रहाशी जोडलेलं यंत्र लावलं होतं. ती ओमानहून निघाली, अरबी समुद्र ओलांडून आपल्या किनाऱ्याला आली आणि खाली दक्षिण टोकापर्यंत जाऊन परत फिरली. शंभराच्या आतल्यातली एक, आणि तिला इकडे यावंसं वाटलं.

हे सगळं मी आपल्याला का सांगतेय? आज ना उद्या आपल्या खात्याच्या कुठल्यातरी बैठकीत ‘देवमासा दर्शन’ असा विषय निघेल म्हणून. निघावाही, मला तो हवाय. पण आज डॉल्फिनचं जे केलंय ते देवमाशांचं होऊ नये. श्रीलंकेत मिरिस्सा म्हणून गाव आहे. तिथे यादवी संपल्यानंतर निळे देवमासे दाखवायच्या बोटी झपाट्यानं वाढल्या आणि एकेका देवमाशाभोवती बोटींची जत्रा भरू लागली. नियम मागाहून आले. आपण आधी करू शकतो. ज्या धंद्यात अजून पैसा अडकलेला नाही तिथे नियम करणं सोपं असतं.

न्यूझीलंडमधलं कायकूरा हे छोटं गाव १९८० च्या दशकात बेकारीनं मोडलं होतं. तिथल्या काही माओरी कुटुंबांनी घरं गहाण टाकून १९८७ साली एक बोट आणली आणि स्पर्म व्हेल दाखवायला सुरुवात केली. आमच्याकडे सातबारा गहाण टाकून लोक काय काय करतात, त्यामुळे हा प्रसंग मला चांगला समजतो. आज तो धंदा त्याच समाजाच्या मालकीचा आहे. तिथल्या १९९२ च्या नियमांप्रमाणे देवमाशाच्या तीनशे मीटरच्या आत एका वेळी तीनच बोटी, त्याही संथ, आणि पन्नास मीटरपेक्षा जवळ कुणीच नाही. हे नियम पाळून गाव उपाशी मेलं नाही, उलट जगभरचे लोक तिथे जातात.

तेवढ्या लांब नको असेल तर आपलं वेळास घ्या. रत्नागिरी जिल्ह्यातलं, मंडणगड तालुक्यातलं. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं गावकऱ्यांना बरोबर घेऊन तिथे ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखली, पुढे कासव महोत्सव सुरू झाला. लोक येतात, गावातल्या घरांत उतरतात, उकडीचे मोदक खातात, आणि पहाटे वाळूवर दोरीच्या अलीकडे उभे राहून बोटभर पिल्लं समुद्राकडे जाताना बघतात. कधी पिल्लं निघतच नाहीत. तरी लोक पैसे परत मागत नाहीत, कारण हमी कुणी दिलेलीच नसते. आणि एक मजा ऐका. ओडिशाच्या किनाऱ्यावर २०२१ साली खुणेची पट्टी लावलेलं एक कासव २०२५ च्या जानेवारीत गुहागरला अंडी घालताना सापडलं. आमच्या कयाधूचं पाणी ज्या समुद्रात जातं त्या समुद्रातून निघून ते कोकणात आलं. मी नकाशा काढून वर्गात शिकवलं. भूगोलाच्या तासाला इतकी शांतता मी क्वचित पाहिली असेल.

आता बोटवाल्यांचं. त्यांच्यावर नियम लादून हात झटकायचे असतील तर हे पत्र इथेच फाडून टाकावं. मे अखेरीपासून ऑगस्टअखेरपर्यंत त्यांचं जलपर्यटन बंद असतं. उरलेल्या महिन्यांत बोटीचं कर्ज, इंजिनाची दुरुस्ती, पोरांची फी, सगळं काढायचं. त्यातले पुष्कळ जण मूळचे मच्छीमार. पर्ससीन जाळी आणि एलईडीच्या दिव्यांवरची मासेमारी यांनी किनाऱ्यालगतचा मासा ओढून नेला, रापणीच्या जाळ्यात पूर्वीसारखं काही लागत नाही, म्हणून ते पर्यटनात आले. म्हणजे डॉल्फिन आणि हे, दोघेही एकाच माशाच्या टंचाईत. अशा माणसाला तुम्ही ‘अंतर ठेव’ म्हणालात आणि शेजारची बोट जवळ गेली, तर गिऱ्हाईक शेजारच्याचं. एकट्यानं नियम पाळणं म्हणजे एकट्यानं नुकसान सोसणं. हे शेतकऱ्याच्या घरातल्या बाईला समजावून सांगावं लागत नाही.

पण सरकारनं याचं उत्तर एकदा दिलेलं आहे. २०१८ च्या डिसेंबरात मत्स्यव्यवसाय खातं आणि कांदळवन कक्षानं योजना आणली. संरक्षित सागरी प्राणी जाळ्यात सापडला आणि मच्छीमारानं जाळं कापून त्याला सोडलं, तर जाळ्याची भरपाई पंचवीस हजार रुपयांपर्यंत. मला ही योजना फार शहाणपणाची वाटते. जनावराचा जीव वाचवणाऱ्याच्या खिशाला झळ लागू नये, हे तत्त्व तिथे मान्य झालंय. मग जाळ्यात ते लागू आणि सहलीच्या बोटीत नाही, असं का?

मला जे हवंय ते असं. डॉल्फिन दाखवणाऱ्या बोटीला वेगळा परवाना द्या, आणि तो देण्याआधी बोट चालवणाऱ्या तांडेलाला चार दिवस शिकवा. पगार देऊन शिकवा. शिकवणारे वेंगुर्ला-मालवणातलेच निघतील, बाहेरून कुणी आणायला नको. सकाळच्या वेळा वाटून द्या, म्हणजे एकाच कळपावर सगळ्या बोटी पडणार नाहीत. ठरावीक अंतरावर इंजिन बंद. पिल्लू दिसलं की मागे फिरायचं. बोटवाल्यांनी रोज काय दिसलं, कुठे दिसलं, किती दिसले हे लिहून ठेवावं आणि त्या नोंदींचे त्यांना पैसे मिळावेत. अभ्यासकांना रोज समुद्रावर जाता येत नाही, ही माणसं जातात. आणि ‘शंभर टक्के’ची हमी देण्यावर बंदी घाला. ही शेवटची मागणी सगळ्यात स्वस्त आहे आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची. हमी दिली की बोटवाल्याला पाठलाग करावाच लागतो. फलकावरचं उडी मारणारं चित्रही उतरवा, कुबडाचं लावा. दिसायला साधं आहे, पण आपलं आहे.

तिकिटाचं काय, असं आपण विचाराल. तिकीट वाढवा. निम्म्या बोटी आणि जास्त तिकीट आम्हाला चालेल. आमच्याकडचा माणूस पंढरीची वारी पायी करतो आणि दर्शनाला रांगेत दिवसभर उभा राहतो. कळसाचं दर्शन झालं तरी हात जोडून परत फिरतो. लांबून पाहण्याची सवय आम्हाला नवीन नाही. जवळ न्या, जवळ न्या, हे आमच्या तोंडी कुणीतरी घातलेलं वाक्य आहे.

सुरक्षेचा मुद्दा वेगळा काढावा लागू नये, पण काढते. २०२२ च्या मे महिन्यात तारकर्लीजवळ पर्यटकांची बोट उलटून दोघांचा जीव गेला. घाईनं वळणाऱ्या, एकमेकींच्या लाटांवर आपटणाऱ्या बोटींत लहान पोरं बसलेली असतात. डॉल्फिनसाठी वेग कमी केला तर ती पोरंही वाचतील.

आणखी एक, आपल्या खात्याच्या चालू कामाबद्दल. आयएनएस गुलदार ही निवृत्त युद्धनौका निवती रॉकजवळ समुद्राच्या तळाला ठेवून पाण्याखालचं संग्रहालय करायची योजना आहे. तिला विरोध करायला मी हे लिहीत नाही. पण ज्या पाण्यावर इंजिन बंद करून आम्ही डॉल्फिनचा श्वास ऐकला ते हेच पाणी. जहाज बघायला माणसं येतील, माणसांबरोबर बोटी येतील. समुद्रात डॉल्फिनला डोळ्यांचा उपयोग मर्यादित. तो आवाज सोडतो आणि परत आलेल्या आवाजावरून मासा, दगड, पिल्लू ओळखतो. पाण्यात आवाज हवेच्या चौपटीहून अधिक वेगानं आणि फार दूरवर जातो. इंजिनांच्या गर्दीत त्याला आपलंच पिल्लू ऐकू येत नसेल तर? गुलदारच्या आराखड्यात बोटींची संख्या आणि वेग किती, हे कुणी लिहिलंय का, तेवढं पाहावं.

आवाजाचं म्हणाल तर आमच्या जिल्ह्याकडे बघा. औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही वेधशाळा होतेय. केंद्र सरकारनं २०२३ साली तिला २,६०० कोटी रुपये मंजूर केले. अब्जावधी वर्षांपूर्वी दोन कृष्णविवरं आदळली त्याची थरथर ती टिपणार आहे. त्यासाठी जमीन अशी हवी जिथे रेल्वेची, कारखान्यांची, मोठ्या शहरांची धडधड नाही. इतकी वर्षं आम्हाला मागास म्हणायचे. शेवटी आमची शांतता कामी आली. कृष्णविवरांचं ऐकण्यासाठी इतका खर्च करणारं सरकार मालवणच्या समुद्रात सकाळचे दोन तास इंजिनं बंद ठेवायला सांगू शकत नाही, हे मला पटत नाही.

उत्तराची अपेक्षा आहे. जलपर्यटन सप्टेंबरात पुन्हा सुरू होतं आणि रेल्वेचं आरक्षण आता साठ दिवस आधी उघडतं. नवे नियम कोणत्या हंगामापासून लागू होणार ते ऑगस्ट संपायच्या आत कळलं, तर दिवाळीच्या सुट्टीसाठी अकोल्याहून तिकिटं काढायची की नाही ते ठरवता येईल. या खेपेला शाळेतले आणखी काही जण यायचं म्हणतायत. आत्याही येणार आहेत, फक्त त्या देवबागचीच बोट पाहिजे म्हणतात.

कळावे,

गोरेगाव (ता. सेनगाव, जि. हिंगोली) येथील एक शिक्षिका